गॅलरीची तपासणी कोण करणार? हजीऱ्याच्या खाऱ्या हवेतली चाळीस वर्षांची घरे

६ जुलै २०२४ रोजी, शनिवारी दुपारी, सुरतजवळच्या सचिन भागातल्या पाली गावात एक बहुमजली इमारत कोसळली आणि सात माणसे गेली. इमारत २०१६-१७ च्या सुमाराची, म्हणजे जेमतेम आठ वर्षांची होती. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग खाली आला. तिथे १७ जणांचा मृत्यू झाला आणि ती इमारत २०१२ च्या आसपासची होती. या दोन घटनांच्या मध्ये, ९ जुलै २०२५ ला, महीसागर नदीवरचा गंभीरा पूल वाहनांसकट तुटला आणि वीसच्या घरात बळी गेले. तो पूल १९८५ सालचा.

पाली आणि विरारच्या बातम्या वाचून आपल्याकडची प्रतिक्रिया साधारण ठरलेली असते: "ते बेकायदेशीर बांधकाम होते, आपले तसे नाही." हे बऱ्याच अंशी खरेही आहे. पण हजीऱ्यात राहणाऱ्याने तिसऱ्या तारखेकडे जास्त लक्ष द्यायला हवे. गंभीरा पूल सरकारी होता, रीतसर बांधलेला होता, आणि त्याचे वय आपल्या वसाहतींइतके होते. कृभकोचा खत कारखाना आणि ओएनजीसीचा वायू प्रक्रिया प्रकल्प ऐंशीच्या दशकाच्या मध्यात इथे उभे राहिले. पुढच्या काही वर्षांत एल अँड टी, एस्सार, रिलायन्स आले. त्यांच्याबरोबर नोकरीसाठी मराठी कुटुंबे आली, क्वार्टर्स आल्या, अडाजण-पाल भागात सोसायट्या झाल्या आणि मोरा, दामका, जुनागाम या गावांत भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले. यातल्या पहिल्या फळीतल्या इमारती आता चाळिशीत आहेत. त्या इमारतींच्या ज्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जाते, पण जो आधी निकामी होतो, तो म्हणजे गॅलरी. बाल्कनी म्हणा, सज्जा म्हणा, गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी येणारी अगासी म्हणजे गच्चीही त्यातच धरा.

अख्खी इमारत पडली की ती राष्ट्रीय बातमी होते. गॅलरीचा तुकडा खाली येऊन एखादा माणूस जखमी झाला की ती आतल्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. त्यामुळे हा धोका किती मोठा आहे याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो.

गॅलरीच आधी का जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. खोलीच्या स्लॅबला चारही बाजूंनी किंवा निदान दोन बाजूंनी आधार असतो. एक जागा कमकुवत झाली तरी भार दुसरीकडे वळतो, स्लॅब आधी वाकतो, तडे दाखवतो, कुरकुरतो. गॅलरी बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेली असते, भिंतीतून बाहेर काढलेल्या फळीसारखी. इंजिनियर याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. अशा फळीवर उभे राहिले की तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब छान सोसते, ताण मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून ताण घेणाऱ्या मुख्य सळया गॅलरीत वरच्या बाजूला लागतात, खोलीच्या स्लॅबच्या नेमक्या उलट.

इथे दोन गोष्टी होतात. एक, बांधतानाच. काँक्रीट ओतताना बिगारी घमेली घेऊन त्याच सळयांवरून चालतात. खाली नीट टेकू नसतील तर जाळी दबून स्लॅबच्या मध्यात किंवा तळाशी बसते. वरून कोबा आणि फरशी झाली की हे कुणाला दिसत नाही. सळई आहे, पण चुकीच्या जागी आहे. अशी गॅलरी वर्षानुवर्षे उभी राहते, कारण रोजचा भार थोडा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. पावसाचे, फरशी धुण्याचे, कुंड्यांचे पाणी वरूनच झिरपते आणि सगळ्यात आधी त्या वरच्या सळयांना गाठते. खाली उभे राहून छताकडे पाहणाऱ्याला गॅलरी ठणठणीत वाटते. गंज तिच्या पाठीवर असतो.

आता यात हजीऱ्याची हवा मिसळा. सुवालीचा किनारा किती जवळ आहे ते सांगायला नको. पश्चिमेचा वारा मीठ घेऊन येतो. त्या मिठातले क्लोराइड ओल्या काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हळूहळू आत सरकते. काँक्रीट मुळात क्षारधर्मी असते, आणि त्या क्षारतेमुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. पुरेसे क्लोराइड पोहोचले की तो थर ठिकठिकाणी तुटतो आणि सळईला खड्डे पाडणारा गंज सुरू होतो. दुसरीकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटची क्षारता बाहेरून आत कमी करत जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. ही वाढ आतून काँक्रीटला रेटते, सळईच्या रेषेत तडा जातो, मग पोपडा सुटतो, मग उघड्या सळईला मोकळी हवा मिळते. इथपर्यंत यायला जी वर्षे लागतात ती मुख्यतः एका गोष्टीवर ठरतात: सळईवर काँक्रीटचा थर किती जाड आहे आणि किती घट्ट आहे.

या जाडीचा इतिहास आपल्या वसाहतींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भारतीय मानक ४५६ हा काँक्रीटचा मुख्य नियम. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबच्या सळईवर १५ मिलीमीटर आवरण चालत होते आणि एम १५ प्रतीचे काँक्रीट घरांसाठी सर्रास वापरले जाई. २००० साली हा नियम बदलला. किनाऱ्याच्या हवेला उघडे असलेले काँक्रीट 'तीव्र' गटात गेले. त्यासाठी किमान एम ३० प्रत आणि ४५ मिलीमीटर आवरण सांगितले गेले. म्हणजे २००० च्या आधी, त्या वेळचा नियम तंतोतंत पाळून बांधलेल्या गॅलरीलाही आजच्या अपेक्षेच्या एक तृतीयांश संरक्षण आहे. यात कुणाची लबाडी नाही. तेव्हाचे ज्ञान तेवढे होते. पण "आमची इमारत नियमाप्रमाणे बांधलेली आहे" या वाक्यातून मिळणारा दिलासा मात्र या हिशेबाने बराच कमी होतो.

गावातल्या भाड्याच्या खोल्यांचे चित्र याहून वेगळे आहे. तिथे नियमाचा प्रश्न पुष्कळदा आलेलाच नसतो. किनारपट्टीवर बोअरचे पाणी खारे असते, आणि काँक्रीट कालवायला तेच वापरले गेले तर मीठ बाहेरून यायची वाटच पाहावी लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून आत असते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असे मानक सांगते. जिभेला खारट लागणारे पाणी या कामाला चालत नाही, इतके साधे आहे. पण टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते आणि बोअर अंगणात असते.

या खोल्यांची रचना आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे, काहींनी इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे अशाच खोलीत काढली आहेत. ओळीने खोल्या, समोरून बाहेर काढलेला अरुंद सामाईक पॅसेज, टोकाला जिना. तो पॅसेज म्हणजे कॅन्टिलिव्हरच. त्याच्यावर कपडे धुतले जातात, भांडी घासली जातात, पाण्याचे पिंप असते, सायकली असतात, आणि पाळी सुटली की एकाच वेळी वीस माणसे येतात. सोसायटीतल्या फ्लॅटची गॅलरी धोकादायक झाली तर दार लावून घेता येते. या पॅसेजचे दार लावता येत नाही, कारण घराबाहेर पडायची वाट तीच आहे. मला विचाराल तर हजीरा पट्ट्यातला सगळ्यात गंभीर प्रश्न हा आहे, आणि तो धुळे-नंदुरबार-जळगावकडून कंत्राटी कामाला आलेल्या आपल्याच माणसांचा आहे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्यांचाही आहेच.

मध्यमवर्गीय घरांत आपण स्वतः गॅलरीवर जे करतो त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. घराच्या खोलीसाठी भार धरताना चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, गॅलरीसाठी ३०० किलो, आणि ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी १५० किलो. गॅलरीला जास्त धरले जाते, कारण मिरवणूक बघायला सगळे घर तिथेच गोळा होते हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आता जुनी फरशी न काढता तिच्यावर चार-पाच सेंटीमीटर मसाला आणि नवी टाइल बसवली, तर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो वाढतात. हे वजन पाहुण्यांसारखे संध्याकाळी घरी जात नाही. ३०० मधले सव्वाशे कायमचे गेले.

गॅलरी बंद करून खोली वाढवणे हा तर आपला आवडता उद्योग. तीन मीटर लांब गॅलरीच्या बाहेरच्या कडेवर साडेचार इंची विटेची भिंत छतापर्यंत नेली की ती दोन टनांच्या आसपास भरते. शिवाय हे वजन अगदी टोकाला येते. तेवढाच भार गॅलरीभर सारखा पसरला असता तर भिंतीजवळच्या मुळाशी जो ताण आला असता, त्याच्या दुप्पट ताण टोकावरच्या भिंतीमुळे येतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या याहून पुष्कळ हलक्या, पण त्यांच्यामुळे दुसरी अडचण होते. पाणी बाहेर जायचा उतार आणि भोक बंद होते, आणि मग वॉशिंग मशीनचे पाणी फरशीखाली मुरत राहते. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन. माती भरलेल्या मोठ्या कुंड्या ओल्या झाल्या की अंदाजापेक्षा खूप जड असतात. तुळशीवृंदावनाला कुणी नाही म्हणणार नाही, पण ते कठड्याजवळ ठेवण्याऐवजी दाराजवळ, म्हणजे गॅलरीच्या मुळाशी ठेवले तर देवाचीही हरकत नसावी.

आणि हिंचको. सुरतेत राहून आपणही झोपाळ्याचे भक्त झालो आहोत. गॅलरीतला झोपाळा वरच्या मजल्याच्या गॅलरीच्या स्लॅबला हूक मारून टांगलेला असतो. म्हणजे आपला झोपाळा शेजाऱ्याच्या गॅलरीवर लटकतो. झोके घेताना भार स्थिर राहत नाही, तो वाढतो-उतरतो. हूक बसवताना पाडलेल्या भोकातून वरचे पाणी सळईपर्यंत पोहोचते. वरच्याने नवी टाइल घातली आणि खालच्याने झोपाळा टांगला, दोघांनी एकमेकांना काही सांगितले नाही, अशी कितीतरी जोड्या प्रत्येक विंगमध्ये सापडतील.

तपासणी म्हणजे काय, हे आता पाहू. पहिली फेरी घरच्या माणसाने करायची आहे आणि तिला काही खर्च नाही. योग्य वेळ पाऊस संपल्यावरची, कारण तेव्हा ओलीचे डाग ताजे असतात आणि पुढचे सात-आठ महिने दुरुस्तीला कोरडे मिळतात. सुरुवात गॅलरीच्या आत उभे राहून न करता खालून करा: आपल्या गॅलरीचा तळ खालच्या मजल्यावरून दिसतो, तेव्हा खालच्या शेजाऱ्याकडे चहाला जायला हरकत नाही. गंजाचे तपकिरी ओघळ, पांढरी क्षारांची फुले, एका सरळ रेषेत धावणारा तडा, फुगलेले प्लास्टर हे बघायचे. लाकडी दांड्याने किंवा छोट्या हातोडीने हलके ठोकत जा. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेला पोपडा बद्द वाजतो. डोक्यावर पडेल अशा जागेखाली उभे राहून मात्र हे करू नका.

मग वर या. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे गॅलरीची फरशी जिथे घराच्या भिंतीला मिळते ती रेषा. त्या रेषेला समांतर लांब तडा वरच्या बाजूला दिसला, किंवा फरशीचे सांधे तिथेच पुन्हा पुन्हा उघडत असतील, तर ती साधी बाब नाही. ताण नेमका तिथे असतो. गॅलरीत पाणी ओतून पाहा, ते जाळीकडे जाते की भिंतीकडे. पूर्वी बाहेर जाणारे पाणी आता आत येऊ लागले असेल तर फरशीचा उतार बिघडला आहे. आणि पूर्वीपेक्षा पाणी बाहेरच्या टोकाला जास्त साचत असेल तर टोक खाली गेले आहे का, हे मोजून घ्यायला हवे. शेजारच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांच्या कडा लांबून एका नजरेत बघितल्या तरी खाली आलेली कड ओळखू येते.

कठडा हलवून पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार त्याची उंची तयार फरशीपासून किमान एक मीटर हवी. फरशीवर फरशी चढवत गेलेल्या घरांत ही उंची आपोआप कमी झालेली असते. लहान मुलाच्या घरात हा हिशेब वेगळा समजवायला नको. लोखंडी ग्रिल असेल तर तिचे पाय काँक्रीटमध्ये शिरतात तिथे रंग खरवडून बघा. वरचा पाइप चकचकीत आणि पाय पोखरलेले, हे हजीऱ्यात नेहमीचे आहे. दर दिवाळीला ऑइल पेंट मारणारे घर याला अपवाद नसते, उलट तिथे गंज रंगाखाली सुखाने वाढतो.

यात काही सापडले तर पुढचे काम स्ट्रक्चरल इंजिनियरचे. तो सळईवरचे आवरण यंत्राने मोजतो, रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा पाहतो, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधतो, सळईतले विद्युत विभव मोजून गंज चालू आहे का याचा अंदाज घेतो. एक चाचणी बघायला सोपी आणि मजेची आहे: काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या तोंडावर फिनॉल्फथॅलीनचा द्राव शिंपडतात. निरोगी भाग गुलाबी होतो, क्षारता गमावलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर संरक्षण संपले. अर्थात ही चाचणी मीठ दाखवत नाही. किनाऱ्यावर गुलाबी काँक्रीटच्या आतही सळई गंजलेली असू शकते, म्हणून भुकटी काढून क्लोराइडची तपासणी वेगळी करायला सांगावी. गॅलरीच्या बाबतीत मी आणखी एक आग्रह धरीन: निदान एक-दोन ठिकाणी वरची फरशी उकरून वरच्या सळया डोळ्यांनी बघितल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये.

कारण अहवाल म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे मुंबईने फार महागात शिकले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. त्याआधी काही महिनेच त्याचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते आणि किरकोळ दुरुस्तीनंतर वापरायला योग्य असा शेरा होता. ऑडिट करणाऱ्याला पुढे अटक झाली. डोळ्यांनी बघून रकाने भरणे आणि तपासणे यांतला फरक त्या पुलाखाली स्पष्ट झाला. उलटे उदाहरण इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याचे. १५ जून २०२५ ला, रविवारी, तिथला जुना लोखंडी पूल गर्दीने पडला, चौघे गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. म्हणजे एका ठिकाणी कागदाने खोटा दिलासा दिला, दुसरीकडे खरा इशारा दिला आणि तो कुणी वाचला नाही.

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. गुजरातेत पालिका पावसाळ्याच्या तोंडावर जर्जरित इमारतींना नोटिसा देते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक भाग पाडण्याचे अधिकारही तिला आहेत. २०१८ मध्ये गुजरात ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात दुरुस्ती होऊन २५ वर्षांवरच्या इमारतींच्या पुनर्विकासाला ७५ टक्के मालकांची संमती पुरेशी झाली. ती चांगलीच सुधारणा आहे. पण पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की देखभाल थांबते, हा सगळीकडचा अनुभव आहे. "आता पाडायचीच आहे, कशाला खर्च करायचा" या वाक्यावर इमारती दहा-दहा वर्षे काढतात.

शिवाय पालिकेच्या नोटिसा पालिकेच्या हद्दीत. हजीरा, मोरा, दामका, सुवाली ही ग्रामपंचायतींची गावे. कंपन्यांच्या वसाहती ही कंपन्यांची मालमत्ता, तिथली देखभाल त्यांच्या सिव्हिल विभागाकडे. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला निदान तक्रार नोंदवायला एक जागा असते आणि नोंदीचा नंबर मिळतो. सोसायटीत समिती असते, भांडता येते. गावातल्या भाडेकरूकडे करारच नसतो, तक्रार केली तर खोली खाली करायला सांगतात. पालीच्या घटनेनंतर पोलिसांनी गुन्हा दाखल केला, अटक झाली. पण तपासणीचा प्रश्न अटकेच्या आधीचा आहे.

पैशाची अडचण खरी आहे आणि ती फक्त आपलीच आहे असेही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथली बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या रात्री पडली, ९८ माणसे झोपेत गेली. समुद्रकाठची, १९८१ सालची, म्हणजे चाळीस वर्षांची. २०१८ मध्येच एका इंजिनियरने पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकचे वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचे आणि पाणी वाहून जायला उतारच नसल्याचे लिहून दिले होते. रहिवासी संघटनेत खर्चावरून वाद होत राहिले. दीड कोटी डॉलरची वर्गणी अखेर एप्रिल २०२१ मध्ये ठरली. डॉलर काढा, रुपये घाला, आणि आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी आणखी एक. कॅलिफोर्नियात बर्कली इथे १६ जून २०१५ ला पाचव्या मजल्यावरची लाकडी बाल्कनी वाढदिवसाच्या मेजवानीत तुटली, सहा तरुण गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. आत पाणी शिरून तुळया कुजल्या होत्या. त्यानंतर त्या राज्याने भाड्याच्या इमारतींच्या बाल्कन्यांची दर सहा वर्षांनी आणि मालकीच्या फ्लॅट्सची दर नऊ वर्षांनी तपासणी कायद्याने सक्तीची केली. स्वतंत्र घरामागच्या डेकला मात्र हा कायदा लागू नाही. तिथे डेक घराच्या भिंतीला ज्या फळीने जोडलेला असतो ती फळी आणि तिचे बोल्ट हीच बघायची जागा. गणपतीत पन्नास माणसे त्या डेकवर जेवायला बसवण्यापूर्वी मुलांनी एकदा खाली वाकून बघावे. खिळ्यांवर टांगलेला डेक बोल्टने जोडलेल्या डेकइतका भरवशाचा नसतो.

आपल्या मंडळाच्या हातात काय आहे? कोजागरीचा कार्यक्रम गच्चीवर होतो, दुधाचे पातेले, खुर्च्या, साउंड आणि शंभर-दीडशे माणसे. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला तर अख्खे सुरत गच्चीवर असते, आणि पतंग कापला की सगळे एकाच कठड्याकडे धावतात. गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे दोन माणसे आणि थोडे सामान, हे वर आलेच आहे. ज्या इमारतीची गच्ची मागायची तिथल्या समितीला शेवटची तपासणी केव्हा झाली एवढे विचारणे आणि उत्तर नसेल तर कार्यक्रम मैदानावर घेणे, हे याच वर्षी करता येईल. मंडळात निवृत्त सिव्हिल इंजिनियर कमी नाहीत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी महिन्यातून एक रविवार दिला तर गावातल्या खोल्यांच्या पॅसेजची पहिली फेरी होऊ शकते. ते प्रमाणपत्र देणार नाहीत, दुरुस्तीचे काम घेणार नाहीत, फक्त फोटो आणि निरीक्षण लेखी देतील. ते लेखी असेल तर घरमालकाशी बोलणी भाडेकरूला एकट्याला करावी लागणार नाहीत, मंडळाचे पत्र सरपंचांकडे आणि मालकाकडे जाईल. दुरुस्ती सुचवणारा आणि दुरुस्ती करणारा कंत्राटदार एकच नसावा, ही अट मात्र सोसायट्यांनीही पाळावी.

दुरुस्तीबद्दल दोन वाक्ये. फुटलेल्या जागी सिमेंट लिंपून रंग मारणे म्हणजे पुरावा झाकणे. खरी दुरुस्ती म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडणे, गंज साफ करणे, सळईचा व्यास जास्त घटला असेल तर नवी सळई जोडणे, मग योग्य मसाल्याने आवरण भरणे आणि शेवटी वरून वॉटरप्रूफिंग. कॅन्टिलिव्हरमध्ये वरची सळई उघडी करताना गॅलरीला खालून आधार दिल्याशिवाय एकही घाव घालू नये.

आणि तपासणीत गॅलरी धोक्याची ठरली, दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर दार बंद करून कुलूप लावा, खालची जागा दोरी बांधून मोकळी करा, पार्किंगसुद्धा हलवा. टेकू द्यायचा तर तो फक्त खालच्या मजल्याच्या गॅलरीवर टेकवू नका. तसे केले तर वरचा भार तितक्याच जुन्या, तितक्याच गंजलेल्या दुसऱ्या गॅलरीवर जातो. टेकू एकाखाली एक, सगळ्या मजल्यांवर, थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात, आणि जमिनीवर त्यांच्याखाली जाड फळी ठेवावी लागते, कारण हजीऱ्याची माती पावसाळ्यात काय होते ते आपण सगळे जाणतो.